सीधा की उधवा

पडद्याला वर काय असावं, नेफा की रिंगा, या प्रश्नावरून आमच्या सरावलीच्या सागरछाया सोसायटीत दोन तट पडले, तेव्हा पडद्याचं कापडसुद्धा अजून घरात आलेलं नव्हतं. रिंगांच्या बाजूला शेजारच्या रुचितावहिनी, त्यांचा मोबाइल आणि त्या मोबाइलमधली सगळी दुनिया होती. नेफ्याच्या बाजूला मी एकटा. नेफा म्हणजे कापड दुमडून शिवलेली पोकळ पट्टी. तिच्यातून दांडी सरकवली की पडदा टांगला गेला, इतकं सोपं काम. पण रुचितावहिनींनी भर जिन्यात विचारलं, "नेफा? म्हणजे परकराला असतो तो?" आणि त्या दिवसापासून मी लिफ्टमध्ये शिरलो की आतल्या बायका एकदम छताकडे बघायला लागल्या. डहाणू रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात इमानेइतबारे नोकरी करणाऱ्या माणसाचं नाव परकराच्या नाडीशी जोडलं जावं, हे मला फार लागलं. म्हणून मी हट्टाला पेटलो. नेफाच लावणार, असं मी सोसायटीच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. त्यावर कोणीतरी नुसता हसरा चेहरा टाकला. कोणी ते मला माहीत आहे.

खरं म्हणजे पडदे माझ्यासाठी नव्हतेच. आजवर रेल्वे क्वार्टरच्या खिडक्यांना आम्ही जुन्या चादरी बांधत आलो आणि आमचं काही अडलं नव्हतं. पण आता नयनाचे वडील आमच्याकडे राहायला येणार होते. नयना म्हणजे माझी बायको. उधव्याच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचे बाबा धाकट्या डहाणूचे तांडेल, म्हणजे होडीचे मुख्य. जन्म समुद्रात गेला. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, घरात एकटेच, आणि डॉक्टरांनी खाडीच्या चिखलात पाऊल टाकायला बंदी केलेली. नयना त्यांना वर्षभर विनवत होती. शेवटी ते म्हणाले होते, "येतो. पण पिशवी उघडनार नाय. करमला तर राहीन, नाय तर तशीच उचलून परत." त्यांना करमावं म्हणून नयनाचा जीव टांगणीला लागला होता, कारण आमच्या सागरछायेतून सागर दिसत नाही. बाबांच्या खोलीच्या खिडकीतून एक चिकूची वाडी आणि एक गोदाम दिसतं. गोदाम जास्त दिसतं.

अशा वेळी नयनाला वापीच्या एका दुकानात ते कापड सापडलं. दुधी रंगावर निळ्या, शिडाच्या होड्या. ताग्यातला शेवटचा तुकडा होता आणि दुकानदारानं सांगितलं की हा छाप आता पुन्हा यायचा नाही. परतताना गाडीत तिनं ते कापड मांडीवरून खाली ठेवलं नाही. "बाबांना उठल्याउठल्या होड्या दिसतील," एवढंच ती म्हणाली. मला तेव्हा तिचं फार कौतुक वाटलं, आणि त्याच भरात मी म्हणून बसलो, "शिवून आणायचं काम माझ्यावर सोड."

पहिली अडचण सोसायटीत आली. सेक्रेटरी परेश सावे म्हणजे रुचितावहिनींचे यजमान. तहसील कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. भिंतीत दांडीसाठी भोकं पाडायची तर परवानगी लागते, असं ते म्हणाले. परवानगीसाठी अर्ज, आणि अर्जासोबत पडद्याचा नमुना. "बाहेरून कसा दिसतो ते बघावं लागतं, काशीनाथराव. इमारतीचा चेहरा असतो." मी कापडाचा कोपरा नेऊन दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, चष्मा काढून बघितला, चष्मा लावून बघितला आणि म्हणाले, "होड्या चालतील. पण हा पडदा उडणार. चौथा मजला, पश्चिमेचा वारा. पडदा खिडकीबाहेर गेला तर सोसायटी जबाबदार नाही. खाली वजन घाला."

वजन म्हणजे काय घालायचं, यावर आमच्या घरात दोन दिवस खल झाला. मी नटबोल्ट सुचवले. शेवटी नयनाच म्हणाली, "बाबांच्या जुन्या जाळ्याचं शिसं माळ्यावर पडलंय." जाळं पाण्यात ताठ उभं राहावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या ओवतात. त्या गोळ्यांची दोरीच पडद्याच्या खालच्या दुमडीत सरकवायची, म्हणजे पडदा जागचा हलणार नाही. कल्पना मला एकदम पटली. तेव्हा ठरलं की पडद्याला वर नेफा आणि खालीसुद्धा नेफा, दोन्ही सारखे रुंद, दोन्हींची तोंडं उघडी. रुचितावहिनींना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन नेफे? आता तर नाडीसुद्धा कमी पडेल." मी तिकडे दुर्लक्ष केलं.

शिंपी माझ्या माहितीतला होता. चिमणभाईंचं दुकान हद्दीच्या पलीकडे, गुजरातेत. पण बाजाराच्या निमित्तानं ते तलासरीलाही येतात आणि उधव्यालाही. मराठी, गुजराती, हिंदी अशा तिन्ही भाषा एकाच वाक्यात बोलतात आणि तिन्ही बरोबर आहेत असं त्यांना वाटतं. माझं गुजरातीही काही कमी नाही. पार्सलवाले व्यापारी माझ्याशी गुजरातीतच भांडतात आणि मी त्यांना गुजरातीतच उत्तर देतो. नयना याला हसते, पण तो विषय वेगळा. चिमणभाईंनी कापड हातात घेतलं, होड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "छापवाला कापड हाय. मी पूछ्याशिवाय कातर नाय लावते. कापायच्या टायमाला फोन करेन." मला त्यांची ही पद्धत फार आवडली. हल्ली विचारून काम करतो कोण? घरी येऊन मी नयनाला सांगितलं, माणूस जबाबदार आहे. तयार पडदे तलासरीला द्यायचे की उधव्याला, हे मात्र ठरवायचं राहून गेलं. मी म्हटलं, फोनवर सांगतो. नयना म्हणाली, "उधव्याला सांगा. माझी शाळा तिथंच आहे, जाता-येता घेईन."

फोन आला तेव्हा मी फलाटावर होतो. चिकूच्या करंड्या चढत होत्या, हमाल ओरडत होते, आणि पलीकडून चिमणभाईंचा आवाज हद्दीजवळच्या नेटवर्कमधून तुटत तुटत येत होता.

"साहेब, चिमण. कापड घेऊन बसला हाय. सीधा राखुं के ऊं... वा?"

सीधा म्हणजे हायवेनं सरळ तलासरी, हे मला लगेच समजलं. भाषा येत असली की असा फायदा होतो.

"उधवा," मी म्हणालो.

"ऊंधा?"

"हो हो, उधवा."

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर झाली. मग चिमणभाई जपून म्हणाले, "मॅडमला पूछी लीधुं?"

"मॅडमनीच सांगितलंय. त्यांना तेच सोयीचं आहे."

"बधा?" बधा म्हणजे सगळे, हेही मला येतं.

"बधा उधवा. एक पण सीधा नको."

"जेवी तमारी मरजी," चिमणभाई म्हणाले. त्यांचा आवाज जरा पडलेला वाटला. उधव्याचा रस्ता खराब आहे म्हणून असेल, असं मी समजलो आणि करंड्यांकडे वळलो.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. माझ्या सासऱ्यांना पालथी होडी बघवत नाही. नयना लहान असताना घरात लाकडाची खेळण्यातली होडी होती. ती जमिनीवर पालथी पडलेली दिसली की बाबा जेवता जेवता उठायचे, खरकट्या हातानं ती सरळ करायचे आणि मग पुन्हा ताटावर बसायचे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि घरात कोणी विचारलंही नाही. ज्याच्या घरचे लोक समुद्रावर जातात त्याला हे विचारावं लागत नाही.

नयनानं उधव्याहून बासन आणलं. उरलेल्या कापडातून चिमणभाईंनी आपल्या मनानं दोन कुशनचे अभ्रेसुद्धा शिवून दिले होते. मी परवानगीची चिठ्ठी खिशात ठेवून भोकं पाडली, दांडी बसवली, चिमणभाईंनी खडूनं 'उपर' अशी खूण केली होती त्या बाजूनं पडदे टांगले, खालच्या नेफ्यात शिशाच्या दोऱ्या सरकवल्या आणि चार पावलं मागं येऊन बघितलं. शिवण सुरेख होती. माप अचूक होतं. आणि झाडून सगळ्या होड्या पालथ्या होत्या. शिडं खाली, तळ वर. एखाद्या मोठ्या वादळानंतरचा समुद्र आमच्या खिडकीवर टांगल्यासारखा दिसत होता.

नयना पलंगावर बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा परवा येणार आहेत."

मी संतापानं चिमणभाईंना फोन लावला. तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर लावला. ती माझी चूक झाली.

"चिमणभाई, होड्या उलट्या शिवल्यात तुम्ही."

"तो साहेब, तमेच बोलले ऊंधा. मी तीन वेळा पूछलं. बोलले, बधा ऊंधा, एक पण सीधा नको. मॅडमने सांगितलं, ते पण बोलले."

नयनानं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. लिफ्टमधल्या बायकांचं मला त्या क्षणी नीट समजलं.

"पण होडी कोण उलटी लावतं?" मी म्हणालो. "विचारायचं काय त्यात?"

"साहेब, गये वरसे एक बेनना पोपट होते. मी सगळे पोपट सीधे शिवले, डोकं वर. तर बोलल्या, ते लटकणारे पोपट हाय, डोकं खाली पाहिजे. बधुं फरीथी शिवायला लागलं. तवापासून मी पूछतो. अने साहेब, एमां शुं टेन्शन? तमे एने ऊंधा करी नाखो ने..."

मी फोन कट केला. ऊंधा हा शब्द मला त्या माणसाच्या तोंडून आणखी एकदाही ऐकायचा नव्हता. दर हिवाळ्यात मी उंधियु पातेलंभर खातो, पण त्यातला ऊंधा माझ्या कधी लक्षात आला नव्हता, आणि आता तो असा भर घरात, बायकोसमोर उघडा पडला होता. त्यानंतर चिमणभाईंचा दोनदा फोन आला. मी उचलला नाही. माणसाला स्वाभिमान असतो.

मग सल्ले सुरू झाले. रुचितावहिनी बघायला आल्या आणि म्हणाल्या, रिंगा असत्या तर हे झालंच नसतं. कसं, ते त्यांनी सांगितलं नाही. परेशभाऊंनी खाली आवारात उभं राहून पाहणी केली आणि वर येऊन गंभीरपणे म्हणाले, "काशीनाथराव, बाहेरून बोटी बुडाल्यासारख्या दिसतायत. परवानगी तरंगत्या होड्यांना दिली होती." मग त्यांना कणव आली असावी, कारण ते म्हणाले, "पाण्यातलं प्रतिबिंब आहे असं सांगा सासऱ्यांना." मी सांगून बघितलं असतं, पण ज्यानं उभं आयुष्य होडी आणि तिचं प्रतिबिंब दोन्ही पाहिलं आहे त्याला हे पटवणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. नवं कापड मिळणार नव्हतं. उसवून पुन्हा शिवायला दुसरा शिंपी दोन दिवसांत तयार होईना. एकच गोष्ट माझ्या हातात होती ती मी केली. कुशनवरच्या होड्यासुद्धा पालथ्या ठेवल्या गेल्या होत्या, तर मी दोन्ही कुशनं फिरवून नीट ठेवली आणि नयनाला समजावलं, "कुशनचं बरं असतं. फिरवलं की होडी सरळ. पडद्याचं तसं नाही ना." तिनं मान हलवली. आम्ही दोघंही शिकलेले लोक आहोत.

बाबांना आणायला नयना तिच्या चुलत भावाच्या रिक्षानं धाकट्या डहाणूला गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "आम्ही यायच्या आत ते काढून ठेवा. जुन्या चादरी बांधा. दुसरं काय करणार?" तिनं हे भांडून म्हटलं असतं तर चाललं असतं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती निराशा होती, आणि ती माझ्यामुळे होती. मला खरोखर वाईट वाटलं. ती गेल्यावर मी मुकाट्यानं पडदे उतरवले, घडी न घालता पलंगावर टाकले आणि चादरी शोधायला लागलो. माळ्यावर नाहीत, कपाटात नाहीत. मग आठवलं. रंगकाम करताना मीच त्या जमिनीवर अंथरल्या होत्या आणि रंगाचे थर बसल्यावर मीच टाकून दिल्या होत्या.

खोली उघडीबोडकी दिसत होती. समोर गोदाम होतं. गोदामाच्या पत्र्यावर ऊन तापत होतं आणि ते सगळं थेट आत येत होतं. आणि तेवढ्यात खालून मेव्हण्याच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. मी गोंधळलो. गोदाम दाखवावं की बुडालेल्या होड्या, याचा नीट विचार करायला वेळ नव्हता. मी पडदा उचलला, जो नेफा पहिल्यांदा हाताला लागला त्यात दांडी खुपसली, आत काहीतरी खडखडलं, दांडी अडली, मी जोर लावला, ती गेली. दुसऱ्या पडद्याचं तसंच. स्टुलावरून उतरलो तेव्हा लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबल्याचा आवाज आला.

नयना पुढं होती. मी दाराकडे तोंड करून, पडद्याकडे पाठ करून उभा होतो आणि बोलायला लागलो होतो, "अगं, त्या चादरी ना..." पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. तिचे डोळे मोठे झाले.

"हे कसं केलंत तुम्ही?"

मी मागं वळलो. होड्या सरळ होत्या. सगळ्या. शिडं वर, तळ खाली, एकामागून एक निघाल्यासारख्या. गडबडीत मी पडदाच उलटा टांगला होता. खालचा नेफा वर आणि वरचा नेफा खाली. म्हणजे चिमणभाई फोनवर तेच सांगत होते. ऊंधा करी नाखो, उलटा करून टाका, एवढंच. मी फोन ठेवला नसता तर दोन दिवस घरात सुतक पाळावं लागलं नसतं. आणि रिंगा लावल्या असत्या तर पडदा उलटताच आला नसता, हेही मला त्याच क्षणी सुचलं. रुचितावहिनींना हे कधी आणि कुठल्या जिन्यात सांगायचं याचा मी विचार करायला लागलो.

"जरा डोकं चालवलं," मी नयनाला म्हणालो.

बाबा वॉकर टेकत आत आले. हातातली पिशवी त्यांनी दाराशीच ठेवली, न उघडता. खोलीभर नजर फिरवली आणि पडद्यापाशी येऊन थांबले. मग त्यांचं लक्ष वर गेलं. दांडीच्या टोकाशी, नेफ्याच्या तोंडातून एक काळपट दोरी लोंबत होती. त्यांनी ती ओढली. शिशाच्या गोळ्या खडखडत बाहेर आल्या. त्यांनी त्यातली एक अंगठ्यानं चोळली.

"हे माझ्या जाल्याचं शिसं हाय."

"हो बाबा," नयना म्हणाली.

"शिसं खाली असते," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले. "वर कोनी लावलं? होडी सरळ हाय, जालं उलटं हाय."

माझ्या डोकं चालवण्याचं काय झालं ते नयनाला तेव्हा समजलं. ती आधी तोंडावर हात धरून हसली, मग पलंगावर बसून हसली, आणि मग हसता हसता तिनं डोळे पुसले. दोन दिवसांनी मी तिला हसताना बघत होतो. मला इतकं बरं वाटलं की माझा जो काही उरलासुरला मान होता तोही गेला तरी माझी हरकत नव्हती.

"काढतो, बाबा," मी म्हणालो. "खालच्या नेफ्यात घालतो. नाहीतर वाऱ्यानं उडेल."

तेवढ्यात पश्चिमेचा वारा आलाच. खाली वजन नसल्यामुळे पडदा फुगला, मागं गेला, पुन्हा पुढं आला, आणि त्याच्याबरोबर सगळ्या निळ्या होड्या लाटेवर चढल्यासारख्या वरखाली झाल्या. बाबा खुर्ची ओढून बसले.

"राहू दे," ते म्हणाले. "वजन नको. होडी हलायला पायजे."

संध्याकाळी रुचितावहिनी बाबांना भेटायला म्हणून आल्या आणि पडदे बघून गेल्या. जाताना दारात हळूच म्हणाल्या, त्या शिंप्याचा नंबर द्या. मी दिला. नेफ्याबद्दल एक अक्षर बोललो नाही; मोठेपणा दाखवायची संधी रोज येत नाही. फक्त एवढं सांगितलं, की त्याच्याशी फोनवर बोलताना उधव्याचं नाव घेऊ नका.

मग मी चिमणभाईंना फोन लावला. खोलीत बाबा अजून तसेच बसले होते, वाऱ्याकडे तोंड करून. चिमणभाईंनी पहिल्याच रिंगला उचलला आणि काही म्हणायच्या आत भीत भीत विचारलं, "साहेब, सीधा?"

"सीधा," मी म्हणालो.

आत बाबांनी नयनाला हाक मारली. "नयना, ती पिशवी आन इकडं. उघड. माझी लुंगी कुठं ठेवायची ते सांग."